नऊ फूट पाणी

१४ फेब्रुवारी २०२६, शनिवार

एका पानात चार चुका! माझ्या मेहुणीचा, चारूचा, परिचय भोपाळात कोणीतरी लिहिला — विधानसभेच्या पुस्तिकेत छापायचा म्हणून. तिच्या पी.ए.ने, मयूरने, मोबाइलवर पाठवला. ‘काका, एक नजर मार दो.’ मारली नजर. डोकं फिरलं.

जन्मगाव जैनाबाद! जैनाबादच्या शाळेत ती मास्तरीण होती. जन्म जसोंडीचा.

वडिलांचं नाव कौशिक. कौतिक! माझे सासरे कौतिकराव. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा धड लिहीत नाहीत.

‘संपन्न कृषक परिवार.’ सासऱ्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या मळ्यांत केळीचे घड कापले आणि खांद्यावर वाहिले. उजव्या खांद्याला घट्टा होता, लिंबाएवढा. म्हणे संपन्न!

आणि चौथी — ‘ग्राम की बावडी का जलस्तर लगभग दस फुट बढा.’ लगभग! नऊ. नऊ म्हणजे नऊ. मी मोजलंय. २०१९च्या आखाजीला — अक्षय्य तृतीयेला — पाणी कठड्यापासून अठ्ठेचाळीस फुटांवर, २०२५च्या आखाजीला एकोणचाळीसवर. वही आहे माझ्याकडे. मालतीची बहीण आमदार होऊन सव्वादोन वर्षं झाली, पण आकडा लागला की घरच्या माणसाला विचारायचं कोणाला सुचत नाही.

मयूरला कळवलं — मी लिहून देतो.

१५ फेब्रुवारी

दुकान बंद. सकाळपासून परिचय लिहीत बसलो. दीड पान झालं, चारू अजून पाचवीतच आहे.

मालती म्हणाली, ‘अहो, पुस्तिकेत आठ ओळींची जागा आहे. तुम्ही काय पोथी लिहू राहिले?’

पण काय गाळायचं? आमच्या लग्नात चारू बारा वर्षांची. माझे जोडे पळवले. मेहुणीनं जोडे पळवले की काहीतरी मागायचं असतंच. सगळे म्हणाले, साडी माग, घड्याळ माग. हिनं घड्याळच मागितलं — पण शाळेचं! ‘दाजी, आमच्या शाळेतलं घड्याळ दोन वर्षं बंद आहे. तुम्ही मोटारी दुरुस्त करता ना? ते चालू करून देत असाल तर जोडे देते.’ मी तोवर पाण्याच्या मोटारींची वाइंडिंग शिकलो होतो, घड्याळ कधी उघडलं नव्हतं. लग्नाच्या चौथ्या दिवशी जसोंडीच्या शाळेत टेबलावर चढून ते काढलं. दीड दिवस लागला. चाललं! अजून चालतं.

पहिली मागणी — आणि ती गावासाठी. हे पुस्तिकेत नको?

१६ फेब्रुवारी

आठ ओळी. घड्याळ गाळलं. मन लागत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

चारू आली होती. गाडी बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या वेशीपाशीच सोडली आणि पायी आली — गल्लीत गाडी अडकते, लोक खोळंबतात म्हणून. हातात दराब्याचा पुडा. ‘दाजी, तुमच्यासाठी. ताईला देऊ नका, तिची शुगर वाढलीय.’

मालती आतून ओरडली, ‘ऐकू येऊ राहिलंय मला!’

आमदार आहे, पण घरात शिरली की पहिली डब्यात हात घालते. कालची कळण्याची भाकरी, वर ठेचा. उभ्यानंच खाल्ली. माझा परिचय वाचला. दोनदा वाचला. ‘दाजी, यात मी फार चांगली दिसते.’

‘त्यात एक अक्षर खोटं नाही.’

‘म्हणून तर घाबरते.’

मग खरं काम निघालं. तेरा मार्चला, शुक्रवारी, ती सभागृहात संकल्प, म्हणजे ठराव, मांडणार आहे — जसोंडीत केलं तेच आजूबाजूच्या अकरा गावांत सरकारनं करावं. म्हणजे जुन्या बावड्या-विहिरींचा गाळ काढायचा. शेतातलं, छपरावरचं पावसाचं पाणी दगड-वाळू-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून त्यांत सोडायचं. केळीची खोडं रस्त्याकडेला कुजवायची नाहीत, त्यांचा धागा काढायचा. लग्नाच्या पंगतीला गावाची स्टीलची ताटं, प्लास्टिक नाही.

‘भोपाळला याला शाश्वत विकास म्हणतात,’ ती म्हणाली. ‘मी जसोंडीत म्हणायचे — आपलं आहे ते आपल्या शिवारात मुरू द्या. बायकांना लगेच कळायचं. तिथे तीन पानं समजावून सांगावं लागतं.’

ती सरपंच असताना २०१९च्या उन्हाळ्यात गावात टँकर यायचा. बावडी पायऱ्यांची, जुनी; तिच्यात शाळेची मोडकी बाकं, देवाचे जुने फोटो, काय काय पडलेलं! गाळाची पहिली पाटी तिनं स्वतः उचलली. मी तिथे होतो. हे मी पाहिलंय, ऐकलेलं नाही.

जाताना म्हणाली, ‘अडीच मीटरच्या वर पाणी चढलं असेल तरच विभाग त्या पद्धतीचा विचार करतो. आपलं नऊ फूट. बसतंय ना?’

नऊ फूट म्हणजे दोन पूर्णांक चौऱ्याहत्तर शतांश मीटर. बसतंय! तोंडी सांगितलं. मान डोलावली तिनं. ‘अकरा गावं तुमच्या वहीवर उभी आहेत, दाजी.’

मला झोप येईना, इतका आनंद. आठवी पास माणसाची वही विधानसभेत!

२६ फेब्रुवारी

मयूरचा फोन. ‘काका, विभाग फुट नहीं मानता. मीटर में चाहिए, सेंटीमीटर तक.’

देऊ. सेंटीमीटर काय, सूतसुद्धा देऊ.

२७ फेब्रुवारी

हे लिहू की नको. लिहितो.

माझी मोजायची दोरी केळीच्या धाग्याची. जसोंडीच्या बायकांच्या गटानं वळलेली पहिली दोरी — पहिलीच! चारूनं २०१९च्या जूनमध्ये आणून दिली. ‘दाजी, बाहेरची दोरी सोडा. आपल्या गावाचं पाणी आपल्या केळीच्या दोरीनं मोजा.’ त्याआधी सुती होती, आठ वर्षं वापरलेली. ती त्याच वर्षी टाकली. नव्या दोरीला मी स्वतः स्टीलच्या टेपवर साठ गाठी मारल्या, फुटाफुटाला एक. दर दहावीला लाल चिंधी. टोकाला पंपाचं पितळी बुश, वजनाला. टेपनं विहिरीत मापत नाहीत — टेप वाकते, पाण्याला लागलेली कळत नाही. दोरी हाताला सांगते.

सेंटीमीटर द्यायचे म्हणून आज ती दुकानात ताणून धरली आणि बाजूला टेप लावली. एकोणचाळिसावी गाठ एकोणचाळीस फुटांवर हवी.

बेचाळीस.

टेप बदलली. बेचाळीस.

सहा वर्षं किलोभर पितळ लटकवलं, भिजवलं, वाळवलं. दोरी ताणली. फुटामागे इंचभर. गाठी लांब-लांब गेल्या आणि मी आपला गाठी मोजत राहिलो. एकोणचाळीस, एकोणचाळीस! पाणी बेचाळीसवर होतं. म्हणजे अठ्ठेचाळीसवरून बेचाळीस. सहा फूट चढलं. नऊ नाही.

सहा फूट म्हणजे एक पूर्णांक त्र्याऐंशी. अडीचच्या खाली.

२८ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. दोरी सात वेळा मोजली.

१ मार्च

मालतीनं पकडलं. जेवताना म्हणाली, ‘दोन दिवस झाले, भाजीत मीठ नाही. तुम्ही बोलला नाहीत. काय झालं ते सांगा.’

सांगितलं. वाटलं, म्हणेल — जाऊ द्या, कोणाला कळतंय. तिनं ताट सरकवलं. ‘चारूला सांगा.’

‘अकरा गावं जातील.’

‘आणि नंतर कोणी मोजलं तर चारू जाईल.’

मी म्हणालो, होळीनंतर बघू. ती म्हणाली, ‘होळी परवा आहे. तेवढीच सवलत.’

भाजीत मीठ खरंच नव्हतं. आज घातलं.

३ मार्च, होळी

जसोंडीला सासूबाईंकडे जाऊन आलो. शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात रंगवलंय — नऊ फूट पाणी, आमच्या गावाची कहाणी. मी ते मागच्या वर्षी स्वतः तपासून दिलं होतं. नऊचा आकार नीट नव्हता, पुन्हा काढायला लावला होता!

भिंतीकडे न बघता गेलो. येतानाही.

५ मार्च

सांगितलं.

चारूच्या बुऱ्हाणपूरच्या घरी, खालच्या मजल्यावर कचेरी आहे. बाहेर बाकावर वीस माणसं. मी पिशवीत दोरी आणि टेप घेऊन रांगेत बसलो. मयूरनं पाहिलं, ‘अरे काका, आप लाइन में क्यों?’ आत नेलं.

बोलता येईना. म्हणून दोरीच पसरली. व्हरांड्यापासून आतल्या खोलीपर्यंत. एक टोक तिच्या हातात दिलं, बाजूला टेप लावली. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मास्तरीण होती, तिला फळा दाखवला की पुरे.

‘म्हणजे सहा?’

‘सहा.’

 गाठीवरून बोट फिरवत ती म्हणाली, ‘पहिली दोरी होती ना. पीळ सैल बसला असेल. आम्हाला कुठे येत होतं तेव्हा!’ मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं.

मयूर म्हणाला, ‘मॅडम, नौ ही रहने दो ना. कौन बावडी में उतर के देखेगा?’

‘मयूर, तू बाहेर बस.’

तो गेल्यावर मला विचारते, ‘दाजी, तुम्ही सांगितलं नसतं तर?’

‘कोणाला कळलं नसतं.’

‘मग का सांगितलं?’

खरं तेच बोललो. ‘माझ्या वहीत चुकीचा आकडा राहिला असता.’

हसली! डोळे ओले, पण हसली. ‘लोक माझ्यासाठी खोटं बोलायला तयार आहेत, आणि तुम्ही वहीसाठी खरं बोलता. मला वाटलं, माझ्यासाठी आलात.’

 तिच्यासाठीच गेलो होतो. पण ते तोंडातून निघत नाही.

संकल्प मागे घेणार का, विचारलं. ‘नाही. सहावर मांडते. काय व्हायचं ते होऊ दे.’

८ मार्च, रंगपंचमी

चारूनं आज जसोंडीत जाऊन आधी गावाला सांगितलं. भोपाळच्या आधी गाव — तिचा नियम. शाळेच्या ओसरीवर बायका-माणसं जमली. ‘आपलं पाणी नऊ नाही, सहा फूट चढलंय. दोरी ताणली होती. चूक आमची.’ माझं नाव घेतलं नाही. मीच उठून उभा राहिलो. ‘चूक माझी. दोरी माझ्या हातात होती.’

 मग पोलीसपाटलांचा जीवन म्हणाला, ‘भो, सहा तर सहा. टँकर तर नाही येत ना आता?’ हशा झाला. जरा बरं वाटलं.

पण सासूबाई! पुढे बसल्या होत्या, डोक्यावर पदर, गुडघ्यावर हात. ‘काय बोलू राहिले तुम्ही? नऊच आहे.’

चारू म्हणाली, ‘आई, दाजींनी टेपनं पाहिलं.’

‘टेपनं पाहो की दुर्बिणीनं. माझे नऊ उरतात!’

काय उरतात ते विचारलं नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, अक्षर ओळखत नाहीत. मुलीचा आकडा कमी झाला याचा राग आला असेल. समजावून सांगितलं — आई, दोरी अशी ताणते, गाठी अशा लांब जातात. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमची दोरी ताणली असेल. माझी नाही ताणत.’

त्यांची कसली दोरी! घरी आल्यावर मालतीला म्हणालो, वय झालं आता. तिनं माझं ताट उचललं आणि आत गेली.

भिंतीवरचा नऊ पुसला. सहा काढला. आकार मीच दिला.

१३ मार्च, शुक्रवार

दुकानात कामाच्या टेबलावरच्या व्हाइसला मोबाइल टेकवून बघितलं. तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही बसवलं.

चारू उठली. निळी साडी — मालतीनं दिलेली. हिंदीत बोलली, पण मध्येच ‘मुरू द्या’ म्हणाली आणि थांबून त्याचा अर्थ सांगितला. मग आकडा. ‘माननीय अध्यक्ष महोदय, पहले हम नौ फुट कहते थे. वह छह है. नापने की रस्सी हमारे गांव के केले की थी, वह खिंच गई. यह बात मुझे मेरे जीजाजी ने बताई, जो बुरहानपुर में मोटर सुधारते हैं. किसी ने पूछा नहीं था. उन्होंने खुद बताया.’

दुकानातले तिघे माझ्याकडे बघायला लागले. मी स्क्रू शोधत खाली वाकलो.

समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं — ‘मैडम, बाकी विकास भी इसी रस्सी से नापा क्या?’ सगळं सभागृह हसलं. चारूनं हसू ओसरू दिलं. ‘हां भैया. हमारी रस्सी खिंची तो हमने बता दिया. आपकी वाली तो आज तक किसी ने देखी ही नहीं.’ तेव्हा तर तिच्याच बाकांपेक्षा समोरचे जास्त हसले!

पण झालं नाही. मंत्री म्हणाले, भावना चांगली आहे, काम चांगलं आहे, परंतु मापदंड अडीच मीटरचा आहे. माननीय सदस्या स्वतःच एक पूर्णांक त्र्याऐंशी सांगतात. अडीचचा पुरावा असेल तर पुढल्या अधिवेशनात आणावं.

संकल्प मागे घ्यावा लागला. अकरा गावं गेली.

तीन फूट. माझे तीन फूट.

१४ मार्च

चारूचा फोन. ‘दाजी, जेवलात का?’

ती मला विचारते!

२ एप्रिल

छापील पुस्तिका आली. जन्मगाव जसोंडी. कौतिक. मजुराची मुलगी. सहा फूट, ‘लगभग’ नाही. एकही चूक नाही.

आठच्या जागी नऊ ओळी आहेत. नववी मी लिहिलेली नाही. ‘बारह वर्ष की आयु में शाला की बंद घड़ी चालू करवाई.’

मालतीला दाखवली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘चालू केली कोणी ते नाही लिहिलं.’

मी म्हणालो, परिचय तिचा आहे.

१९ एप्रिल, रविवार, आखाजी

कालपासून जसोंडीला. दर आखाजीला दुपारी बारा वाजता मी बावडीचं माप घेतो. यंदा केळीची दोरी नाही. स्टीलची टेप, टोकाला पितळ बांधून, पाण्याला लागलं की हलका झटका कळतो. तीन वेळा मोजलं — बेचाळीस फूट. गेल्या वर्षाइतकंच. खालचा ओटा, जिथे कोनाड्यात देवी आहे, तो बरोबर तीसवर. तेही लिहून घेतलं.

पण आजची गोष्ट सकाळची आहे.

पहाटे सासूबाई बावडीवर निघाल्या. आखाजीला पितरांची घागर भरायची असते, ते पाणी त्या बावडीचंच आणतात, पूर्वापार. दर वर्षी मालती सोबत जाते. आज ती पुरणाला बसली होती. ‘तुम्ही जा आईबरोबर. गुडघा दुखतोय तिचा. हात धरा.’

धरला. तीस फुटांवरच्या ओट्यापर्यंत हळूहळू आलो. देवीला हळदकुंकू वाहिलं. मग खाली उतरायला लागल्या, आणि एकेका पायरीवर थांबून एकेक नाव. ‘धोंडूआबा.’ पुढची पायरी. ‘गिरजाआत्या.’ पुढची. ‘थोरला दगडू.’ पायरीला एक नाव, नावाला चिमूटभर तीळ. मी म्हणालो, आई, हे काय? ‘बोलू नका. मोजणं चुकतं माझं.’

मोजणं!

बाराव्या नावाला पाणी पायाला लागलं. तिथे त्या बसल्या. ओंजळीत पाणी घेऊन उरलेली नावं बसल्या जागी म्हणाल्या. नऊ. मी बोटांवर मोजली. सातवं ‘कौतिक’ — स्वतःच्या नवऱ्याचं. इतर वेळी कधी घेत नाहीत. नंतर आणखी दोन नावं, मी कधी न ऐकलेली.

वर ओट्यावर आल्यावर विचारलं, शेवटची दोन कोण?

हसल्या. ‘ती शेजारच्या यादवाकडची, त्याचा आजा अन् आजी. टँकरच्या वर्षी पाणी इतकं खाली गेलं होतं की आमची सगळी माणसं संपली तरी पायऱ्या संपेनात. कौतिकरावांच्या खाली आणखी दोन पायऱ्या होत्या. रिकामी पायरी कशी उतरायची? शेजारची दोन घेतली. आता एकदा घेतली ती सोडता येतात का?’

‘म्हणजे त्या वर्षी एकवीस?’

‘एकवीस. आता बारातच पाणी. नऊ उरतात. तेच मी सांगत होते, तर तुम्ही मला दोरी शिकवायला लागले.’

घागर माझ्या खांद्यावर होती. घरी येईपर्यंत निम्मी सांडली म्हणून मालतीची बोलणी खाल्ली.

टँकरचं वर्ष म्हणजे २०१९. त्याच आखाजीला, बारा वाजता, मी माझी सुती दोरी सोडली होती आणि वहीत अठ्ठेचाळीस लिहिले होते.

उद्या पायरी मोजतो. त्याआधी कोणाशी बोलत नाही.

२० एप्रिल

मोजल्या. पाण्यावरच्या बाराही. प्रत्येकीची उंची बारा इंच, सूतभर इकडेतिकडे. खालच्या नऊ पाण्यात आहेत, त्या मोजता येत नाहीत — पण दगड तोच, हात तोच. तीस आणि बारा, बेचाळीस. टेपशी जुळलं. तीस आणि एकवीस, एक्कावन्न. माझ्या वहीत अठ्ठेचाळीस.

सुती दोरीही ताणलेली होती! आठ वर्षं लटकवलेली. ती तपासायचं मला सुचलंच नाही. नवी, बायकांनी वळलेली, तिच्यावर शंका घेतली. जुनी माझी, म्हणून ती बरोबर.

एक्कावन्नवरून बेचाळीस. नऊ.

चारूला फोन केला. सगळं सांगितलं.  मग म्हणाली, ‘दाजी, जुलैत पुन्हा मांडते. पण विभाग विचारेल, पुरावा काय? साक्षीदार कोण?’

मी म्हणालो, एकवीस आहेत. सगळे वारलेले.

इतकी हसली की मालतीला शेजारच्या खोलीत ऐकू गेलं.  मग म्हणाली, ‘नावं लिहून पाठवा. आईनं म्हटली त्याच क्रमानं.’

सासूबाई समोर बसल्यात. त्या सांगतात, मी लिहितो.